हिरव्या हौदांचा उपास

तिला सगळे आतडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतक्या जवळून. बावीस वर्षं एका बाईने माशांची आतडी काढावीत, ती बर्फावर ठेवावीत, खलून त्यांचा रस काढावा आणि त्या रसात कुठला पाचकरस किती जोमाने काम करतोय ते मोजावं, एवढंच केल्यावर तिला दुसरं कुठलं नाव पडणार? तिला त्याचं वाईटही वाटत नसे. मत्स्य संशोधन केंद्रात पाणीवाले होते, अंडीवाले होते, वजनवाले होते. त्यांत एक आतडेबाई. शुद्ध भाषेत या पाचकरसांना विकर म्हणतात. तिच्या पहिल्यावहिल्या अहवालावर टंकलेखकाने 'माशांचे पाचक विकार' असं मोठ्या अक्षरांत छापलं, आणि अहवाल तसाच वर जाऊन मंजूर होऊन परत आला. तेव्हापासून ती आपली सरळ एन्झाइम म्हणायची.

गेली तीन वर्षं तिचा जीव शेवाळात अडकला होता. माशांच्या नेहमीच्या खाद्यात समुद्राच्या मासळीची पूड असते आणि ती दिवसेंदिवस मिळेनाशी झाली होती. तळ्यातल्या माशांना मोठं करायला समुद्रातले मासे मारायचे, हा उफराटा कारभार तिला पहिल्यापासूनच पटत नव्हता. शेवाळ कुठेही वाढतं. वाळवलं की त्याची पूड होते, पुडीच्या गोळ्या होतात. प्रश्न एवढाच, की मासा ते खाईल, पण पचवेल का?

केंद्राच्या मागे पत्र्याच्या शेडखाली सहा हौद होते. तीन हौदांना साधं खाद्य, तीन हौदांना निम्म्याहून जास्त शेवाळ घातलेलं हिरवं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक हौदातले चार मासे काढायचे आणि आतडी तपासायची. तपासणीच्या आदल्या दिवशी माशांना काही द्यायचं नसतं, कारण पोटात अन्न पडलं की पाचकरस उसळतात आणि कुणाची मूळची ताकद किती ते कळत नाही. सगळी पोटं रिकामी असली तरच तुलना खरी. म्हणून त्या दिवशी दुपारी सहाही हौदांवर ती खडूने लिहिलेली पाटी अडकवायची: आज यांचा उपास. पहिल्यांदा गंमत म्हणून लिहिलं होतं, मग तीच पाटी कायम झाली.

पहिल्या दोन महिन्यांचे आकडे हातात आले तेव्हा ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. हिरव्या हौदांतल्या माशांमध्ये पिष्ट पचवणारं एन्झाइम साध्या माशांच्या दुप्पट होतं आणि दर पंधरवड्याला तसंच दुप्पट भरत होतं. प्रथिनं पचवणारंही बरंच वर होतं. वजनं जरा कमी भरत होती, हे खरं. चिरल्यावर हिरव्यांच्या आतड्यात उरलंसुरलं काहीतरी सापडायचं आणि साध्यांची आतडी स्वच्छ रिकामी असायची, हेही खरं. पण तिने या सगळ्याचा मिळून एक छानसा अर्थ लावला. शेवाळ चिवट, ते आतड्यात जास्त वेळ थांबतं, म्हणून पोट जास्त रस सोडायला लागतं. आज ना उद्या वजनही भरून निघेल. एका सभेत तिने ते दोन शब्दांत सांगितलं: पोट शिकतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संचालकांनी ते दोन शब्द रंगवून बैठकीच्या खोलीत लावून टाकले. आपल्याच वाक्याच्या प्रेमात पडलेल्या माणसाला शुद्धीवर आणणं अवघड, आणि हिचं वाक्य तर येता-जाता भिंतीवरून हिच्याकडे बघत होतं.

संचालक तसे सावध गृहस्थ. ते म्हणत होते, आधी केंद्राच्या मोठ्या तळ्यात एक हंगाम काढू, मग बाहेर देऊ. घाई हिचीच. कारण बाहेर तिची धाकटी बहीण होती.

धाकटी एकोणीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी जोडत होती. कारखाना एका सोमवारी उघडलाच नाही. नवरा बोटीवर, वर्षातून दीड महिना घरी. घरात बसून धाकटीचं डोकं फिरायची वेळ आली तेव्हा आतडेबाईनेच तिला तळ्याच्या नादाला लावलं. गावाबाहेर बसने दोन तासांवर एक तळं होतं, ते दोघींनी मिळून घेतलं, धाकटीने त्याच्या काठावर एक खोली बांधली आणि चार हजार पिल्लं सोडली. कॉलर जोडणारी बाई सहा महिन्यांत पाण्याच्या रंगावरून तळ्याची तब्येत सांगायला लागली. आणि मोठ्या बहिणीने सांगितलं म्हणून तिने पहिल्या दिवसापासून चारही हजारांना हिरवंच घातलं, एक मूठसुद्धा साधं नाही. तिच्या आयुष्यात आता ते तळं होतं आणि ताईचा शब्द होता, तिसरं काही नव्हतं.

थंडीच्या आधी माशांच्या अंगावर मांस चढावं लागतं. पाणी गार पडलं की ते खाणं सोडतात आणि अंगात साठलेल्यावर दिवस काढतात. ज्याच्या अंगात काही साठलेलं नाही तो थंडी काढत नाही. हे धाकटीला ताईनेच शिकवलं होतं, आणि आता थंडीला जेमतेम दोन महिने उरले होते.

धाकटीचा पहिला फोन आला तेव्हा आतडेबाईने तो हसण्यावारी नेला. धाकटी म्हणाली होती की मासे वाढतायत, पण लांबीला, अंगाला नाही. दुसऱ्या फोनला ती म्हणाली की टाकलेलं खातात, तरी काठाकाठाने फिरत दगड चाटत असतात, भूक गेल्यासारखे दिसत नाहीत. आतडेबाईने आकडे पुढ्यात घेतले, पोट अजून शिकतंय असं सांगितलं आणि हिरवं दुप्पट करायला लावलं. धाकटीने दुप्पट केलं. मग तिसरा फोन आला.

"ताई," ती म्हणाली, "त्यांची डोकी मोठी दिसायला लागलीत."

माशाचं डोकं मोठं होत नसतं. अंग वाळत जातं, म्हणून डोकं मोठं दिसतं.

त्यानंतरचे दहा दिवस ती अक्षरशः भिरभिरली. मोजणीत चूक असणार, असं धरून तिने प्रयोगशाळा उलटीपालटी केली. द्रावणं ओतून दिली, नवी केली. तापमापक तीन आणून एकमेकांशी ताडून पाहिले. रंग मोजणारं मशीन उघडून पुसलं, दिवा बदलला. शीतकपाटात जपून ठेवलेल्या जुन्या आतड्यांचे तुकडे काढून पुन्हा खलले, रस गाळायला यंत्रात पुन्हा फिरवले, पुन्हा मोजले. आकडे जसेच्या तसे आले. शेजारच्या टेबलावरचा पाणीवाला म्हणाला, बाई, आकडे जुळतायत तर रडताय कशाला? ती खरंच रडत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. एकतरी आकडा खोटा निघावा म्हणून ती जिवाच्या आकांताने शोधत होती आणि सगळे खरे निघत होते.

मग ती धाकटीच्या तळ्यावर जाऊन पाच मासे बर्फाच्या डब्यातून घेऊन आली. धाकटीने जाळं टाकून दिलं, काही विचारलं नाही, फक्त डब्याचं झाकण स्वतः नीट लावलं आणि पोट शिकतंय ना, एवढंच म्हणाली. आतडेबाईने मान हलवली. ती मान कशी हलली हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.

प्रयोगशाळेत परत येऊन तिने त्या माशांची पोटं चिरली. आतडं कागदासारखं पातळ होतं. आत हिरवा लगदा, गोळीत जसा असतो तसाच. पिष्ट पचवणारं एन्झाइम हौदातल्या माशांच्या एक तृतीयांशसुद्धा भरलं नाही. तेच खाद्य, त्याच पोत्यातलं. तोच मासा, त्याच अंड्यांचा. हौदात दुप्पट आणि तळ्यात काहीच नाही, हे कसं? ती त्या दोन आकड्यांसमोर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. पाणी वेगळं होतं, पण एवढं नाही. ऊन वेगळं होतं, पण एवढं नाही. हौदांना असं काय मिळत होतं जे तळ्याला मिळत नव्हतं?

उरला एकच उपाय, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून डोळ्यांदेखत करायचा. तिने संचालकांना न सांगता तपासणी आठवडाभर अलीकडे ओढली. दुपारी सहाही हौदांवर पाट्या अडकवल्या. एरवी पाट्या लावल्या की ती पाचच्या ठोक्याला घरी जायची आणि सकाळी आठला चाकू-बर्फ घेऊन हजर व्हायची. त्या दिवशी ती गेली नाही. शेडच्या टोकाला रिकाम्या पिंपावर बसून राहिली. काय बघायचंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण बघितल्याशिवाय तिथून हलायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं.

सहाच्या सुमाराला हौदवाले काका आले. ते केंद्राच्याही आधीपासून तिथे होते असं सगळे म्हणत. हौद धुणं, पाणी बदलणं, खाद्य टाकणं हे सगळं त्यांच्याकडे. माणूस तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. त्यांनी हातपाय धुतले, कोपऱ्यातला एक डबा उघडला, त्यातून ओंजळभर काहीतरी काढून बादलीत भिजवलं आणि पहिल्या हिरव्या हौदाशी जाऊन ते हलक्या हाताने पाण्यावर पसरलं. मासे झुंडीने वर आले. काका दुसऱ्या हिरव्या हौदाकडे गेले, मग तिसऱ्याकडे. साध्या हौदांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आतडेबाई पिंपावरून उठली.

"काका, हे काय टाकताय?"

"कोंडा, बाई. बारीक चाळलेला आहे." काका दचकले नाहीत. लपवण्यासारखं त्यांच्या लेखी काही नव्हतंच. "तुम्ही आज घरी नाही गेलात?"

"आज उपास आहे ना त्यांचा. पाटी लावलीय मी."

"म्हणून तर. उपास म्हणून हिरवं बंद ठेवलंय, एक गोळी टाकली नाही. हे आपलं हलकं, पोटाला आधार म्हणून."

"उपास म्हणजे काहीच द्यायचं नाही, काका. काहीच."

काकांनी बादली खाली ठेवली. ते पाटीकडे बघत राहिले, जणू अक्षरं बदलली की काय ते तपासत होते. "मग तसं लिहायचं होतं, उपाशी ठेवा म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंय उपास. उपासाला माणूस रोजचं खात नाही, पण हलकं काहीतरी घेतंच की. काहीच नाही दिलं तर त्याला उपास नाही म्हणत, बाई. उपासमार म्हणतात."

ती पाटी तिच्याच अक्षरातली होती. तीन वर्षं, दर पंधरा दिवसांनी. म्हणजे तिने चिरलेल्या एकूण एक हिरव्या माशाच्या पोटात आदल्या संध्याकाळचा कोंडा होता. कोंडा म्हणजे पिष्ट. पिष्ट पोटात पडलं की ते पचवणारं एन्झाइम उसळणारच. आतड्यातलं ते उरलंसुरलं, ज्याच्यावर तिने अख्खा सिद्धांत उभा केला, तो यांचा चाळलेला कोंडा होता. पोट काही शिकलं नव्हतं. पोट फक्त जेवलेलं होतं.

"आणि साध्या हौदांना का नाही दिलं?" तिने विचारलं.

"ते धडधाकट आहेत. रोज पोटभर खातात, एक दिवस नुसत्या पाण्यावर काढला तर काय बिघडतं? हे हिरवेवाले बिचारे..." काकांनी मान हलवली. "यांच्या अंगाला काही लागतच नाही. हौद मीच धुतो ना, मला दिसतं. वरून हिरवं जातं, खालून हिरवंच येतं. जसंच्या तसं. म्हटलं, पंधरवड्यातून एकदा तरी काही अंगी लागेल असं पोटात जाऊ दे. उद्या मरायचंच आहे यातल्या चौघांना."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही मशीनवर मोजता," काका म्हणाले. टोमणा नव्हता, खरोखर आदराने म्हणाले. "मी हौद धुणारा. तुमच्या मोजण्यात मी काय तोंड घालणार?"

तिला त्यांचा राग यायला हवा होता. तो येईना, आणि तेच जास्त भयंकर होतं. या माणसाने दिलेल्या शब्दाचा अर्थ नीट घेतला होता आणि माशांकडे नीट बघितलं होतं. दोन्ही गोष्टी करायला पगार मात्र तिला मिळत होता. तीन वर्षांत तिने त्यांना पाणी कधी बदललं हे शंभरदा विचारलं होतं, आणि मासे कसे आहेत हे एकदाही नाही.

तिने तिथूनच संचालकांना फोन लावला. ते म्हणाले की घाईने कुठे काही बोलू नका, नीट उपाशी ठेवून पुन्हा एकदा मोजू, शेवाळाच्या अहवालाचं काय करायचं ते महिनाभरात ठरवू. त्यांचं काही चूक नव्हतं. अहवालाला महिना होता. माशांना नव्हता.

मग तिने धाकटीला फोन लावला, आणि इथे तिने जे केलं त्याची माफी तिने स्वतःला कधी दिली नाही. धाकटीने पहिल्या घंटेला फोन उचलला. मागे पाण्याचा आवाज येत होता. ती संध्याकाळचं खाद्य कालवत होती. आत्ता सांगायचं होतं, की हातातलं पातेलं खाली ठेव. दोन वाक्यांचं काम होतं. पण धाकटी आपण होऊन बोलायला लागली, दोन दिवस आभाळ आलंय, वारा पार पडलाय, पण आज मासे जरा शांत वाटतायत, दगड चाटत नाहीत, बहुतेक अंगी लागायला लागलंय त्यांना. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी थोडा जीव आला होता. समोरासमोर सांगू, असं आतडेबाईने मनाशी म्हटलं. भित्र्या माणसाला अशा वेळी समोरासमोर हा शब्द फार उपयोगी पडतो. ती फक्त म्हणाली, पहाटेच्या पहिल्या बसने येते, येताना कोंड्याचं पोतं आणते.

काकांनी पोतं बांधून दिलं, बसपर्यंत आणूनही दिलं. बसमध्ये ते मांडीशी धरून ती दोन तास बसली आणि सांगायचं वाक्य मनात जुळवत राहिली. कसंही जुळवलं तरी त्याच्या शेवटी धाकटीचा चेहरा यायचा.

ती पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. आभाळ खाली आलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. धाकटी खोलीच्या दारात नवऱ्याचा जुना स्वेटर घालून उभी होती. चहा ठेवू का म्हणाली. नको म्हणून आतडेबाईने पोतं खाली ठेवलं आणि ते ठेवता ठेवताच बोलून टाकलं, कारण सरळ उभं राहिल्यावर ते बोलणं झालं नसतं.

"हिरवं त्यांना पचत नाही. कधीच पचत नव्हतं. माझी मोजणी चुकली."

मग आतडेबाईने सगळं सांगितलं, पाटी, काका, कोंडा, काही मागे ठेवलं नाही. सांगताना ती तळ्याकडे नाही, धाकटीच्या स्वेटरच्या वरच्या गुंडीकडे बघत होती.

"मग मी दुप्पट टाकत होते ते?" धाकटीने विचारलं.

"ते खाली साठलं असणार. कुजत असणार."

"मी तुला विचारलं होतं, ताई. तीनदा विचारलं."

"हो."

"तू म्हणालीस पोट शिकतं."

"हो."

धाकटी रडेल, ओरडेल, निदान आत निघून जाईल असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. धाकटीने खाली वाकून पोत्याची दोरी सोडली, कोंडा परातीत ओतला आणि परात कमरेवर घेऊन काठावर गेली. तिने अजून हार मानली नव्हती. एक खाद्य चुकलं होतं, दुसरं हातात होतं. मूठ भरून तिने कोंडा लांबवर फेकला. पांढुरका थर पाण्यावर पसरला.

पाण्यावर तोंडं आली. आधी दहा-वीस, मग जिथे नजर जाईल तिथे. शेकडो गोल उघडी तोंडं, मिटत होती, उघडत होती.

"आले बघ," धाकटी म्हणाली. "ताई, बघ तरी. सगळे आलेत. खातायत. एवढे कधी वर आले नव्हते." तिने दुसरी मूठ फेकली, तिसरी फेकली. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "एवढी भूक होती त्यांना. मला कळायला हवं होतं."

आतडेबाईने आता पाण्याकडे पाहिलं. कोंडा तोंडांच्या मधून मधून तसाच तरंगत होता. एकाही तोंडाने तो ओढला नव्हता. जिथे कोंडा पडलाच नव्हता त्या पलीकडच्या काठालाही तोंडं होती. तळाशी साठलेलं हिरवं कुजत होतं, दोन दिवस ऊन नाही, वारा नाही, पाण्यातली हवा त्या कुजण्याने पिऊन टाकली होती. धाकटी उठायच्या आधीपासूनच ते असे वर येऊन थांबलेले असणार.

आणखी एक क्षण गप्प राहिलं तर धाकटी आणखी एक क्षण हसेल, हे तिला लख्ख दिसत होतं. पण काल फोनवर तिने तेच केलं होतं.

"ते खायला नाही आलेत गं," ती म्हणाली. "श्वास घ्यायला आलेत. पाण्यात हवा नाही."

धाकटीची मूठ भरलेलीच राहिली. मग ती वळून खोलीकडे पळाली; वरच्या अंगाच्या तळेवाल्याला तिने पाणी घुसळायच्या पंपासाठी फोन केला. पंप होता, पण ट्रॉलीला जोडून आणायला तास लागणार होता. फोन दारातच टाकून ती परत आली, परातीतला उरलेला कोंडा तिने काठावर उपडा केला आणि अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यात जाऊन ती परात पाण्यावर आपटायला लागली. पाणी उडालं की त्यात हवा मिसळते, हेही तिला ताईनेच शिकवलं होतं. आतडेबाई तिच्यामागे उतरली. तिच्याकडे परात नव्हती, ती दोन्ही हातांनी पाणी उडवत राहिली.

मासे त्यांच्या अंगाला लागत होते, बाजूला होत नव्हते. मोठी डोकी, त्यामागे सुरीसारखी अंगं. थोड्या वेळाने काही आडवे झाले. आतडेबाईने एकाला सरळ करून धरलं. हात काढल्यावर तो पुन्हा आडवा झाला. तिने दुसरा धरला. बावीस वर्षांत तिच्या हातात आलेला प्रत्येक मासा मरायलाच आलेला होता. आता ती तिसऱ्याला सरळ करून धरत होती. पलीकडच्या काठाला पांढरी पोटं दिसायला लागली, आधी मोजता येण्याइतकी, नंतर नाही. ऊन अजून आलं नव्हतं. रस्त्यावर कुठलाही आवाज नव्हता.

धाकटीला दम लागला होता. परात वर धरून ती क्षणभर थांबली आणि तिने बहिणीकडे बघितलं.

"ताई, याचा उपयोग होतोय का?"

तळं घेतल्यापासून धाकटीने विचारलं आणि ताईकडे उत्तर नाही, असं एकदाही झालं नव्हतं. आतडेबाईने पलीकडच्या काठापर्यंत सगळं तळं नजरेखालून घातलं.

"नाही," ती म्हणाली.

धाकटीने ते ऐकलं, मान डोलावली, आणि परात पुन्हा पाण्यावर आपटायला लागली.